झाडांची फौज

ब्रशचं टोक ओठांनी ओलं करून बापाने ते बोटभर धातूचं झाड दिव्याखाली फिरवलं. खोडाला चेहरा होता, फांद्यांचे हात होते, मुळांचे पाय होते. उभा जन्म ट्रकना फवाऱ्याने रंग मारण्यात गेलेला हा माणूस आता श्वास रोखून सालीच्या एकेका खाचेत तपकिरी रंग भरत होता.

"ब्रश तोंडात घालू नका हो. पोटात जाईल रंग," बायको म्हणाली.

"ट्रकांनी मारलं नाही, हे काय मारतंय!"

मुलाने कॉलेज सोडून स्वतःला खोलीत कोंडून घेतलं, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. समजावून झालं, रडून झालं, डॉक्टरला दारापर्यंत आणून झालं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग एक दिवस दाराबाहेर आलेल्या रिकाम्या ताटात हे असलं एक झाड निघालं. टेबलावर मांडून लढायच्या खेळातला सैनिक होता तो.

"बाबा, रंगवता येईल तुम्हाला?" आतून आवाज आला.

लढणार कोणाशी, हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही. बाप त्या दिवशी कामावरच गेला नाही.

तेव्हापासून झाडं ताटातून बाहेर येत, रंगून ताटातूनच आत जात आणि बदल्यात दाराआडून एखादं वाक्य मिळे. "साल अजून गडद हवी." "डोळे मस्त झालेत." डोळे मस्त झाल्याचं बापाने गॅरेजभर सांगितलं, कशाचे डोळे, ते मात्र सांगितलं नाही.

"अजून किती राहिलीत?" बायकोने विचारलं.

"हे शेवटचं. सरदार आहे म्हणे."

फौज पुरी झाल्यावर मुलगा कशाबद्दल बोलणार, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. बापाला तर त्याची भीतीच वाटत होती. त्याने सरदाराची पानं हिरवी केली, पिवळी केली, पुन्हा हिरवी केली. पण चालढकल तरी किती करणार?

संध्याकाळी त्याने सरदाराला ताटात वाटीशेजारी उभं केलं आणि दार वाजवलं.

"घे. पुरी झाली बघ फौज."

दार वीतभर उघडलं, ताट आत गेलं.

"बाहेर येऊन मांडतोस का? मोठं टेबल मोकळं केलंय."

दार पुन्हा लागलं.

"नको, बाबा."

पुढे कितीतरी दिवस एक शब्द नाही. ताटं नुसतीच आत जात होती, नुसतीच बाहेर येत होती. बायकोने विचारणं सोडलं, बापाने दाराशी घुटमळणं सोडलं. मग एका दुपारी रिकाम्या ताटात पुन्हा एक राखाडी झाड उभं होतं.

"अजून एक सापडलं, बाबा."

बापाने ते उचललं आणि रंग उतरवायच्या थिनरचा वास त्याच्या नाकात गेला. थिनरची बाटली फळीवरून कधी गेली, घरात कोणाला कळलं नव्हतं. जुना रंग काढून नवा चढवण्यात त्याची हयात गेली होती. झाडाच्या काखेतल्या एका खाचेत त्याने स्वतःच भरलेला तपकिरी रंग अडकून राहिला होता.

"काय हो, काय झालं?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. नवीन आलंय."

त्याने दाराशीच बसकण मारली.

"सालीला कोणता रंग देऊ रे?"

"तुम्ही ठरवा," आवाज दाराच्या अगदी जवळून आला. "घाई नाही, बाबा."