ओकवर टांगलेली वार

लौरिड्स थुएसेनच्या तबेल्यामागे ओकचं एक जुनं झाड आहे. त्यावर पक्ष्यांनी जेवढी घरटी बांधली नसतील तेवढ्या वेळा तिथे घोडीची वार टांगली गेली आहे. घोडी व्याली, शिंगरामागोमाग वार पडली, की ती गोळा करायची, शिडी लावायची आणि उंच फांदीवर टाकायची. मग शिंगरू मोठेपणी मान ताठ ठेवून चालतं. पुरली तर ते मान खाली घालून चालतं, आणि उकिरड्यावर फेकली तर काय होतं ते विचारायचंच नाही. पश्चिम जटलंडमध्ये आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नसे. बापाला शिडी उचलताना पाहिलं की झालं शिक्षण.

लौरिड्सच्या मुलीने, डॉर्तेने, हे बंद केलं. शेत आणि घोडे तिच्या नावावर झाले त्याच वर्षी तिने एक निळी बादली आणली, झाकणासकट, आणि तबेल्याच्या दारात ठेवली. वार बादलीत जाईल, डॉर्ते ती गवतावर पसरून बघेल, शंका आली तर डॉक्टरला बोलावेल. झाडावर काही जाणार नाही. माशा येतात, घोडे बघायला येणारी गिऱ्हाइकं नाक दाबतात, शिवाय शेजारच्या होल्गरची घोडी वारेचा तुकडा आत राहून मेली तेव्हा तिची वार कावळे कधीच घेऊन गेले होते. लौरिड्सने ऐकून घेतलं आणि बरं म्हटलं. बरं म्हणण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. मनातून पटलं नाही ते नाहीच.

अंगणापलीकडच्या छोट्या घरात तो एकटा राहत असे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दूध, बियाणं, ट्रॅक्टर सगळं डॉर्तेकडे गेलं होतं. त्याच्याकडे एकच काम उरलं होतं, आणि ते त्याने कुणाला मागू दिलं नव्हतं. वसंतात गाभण घोड्यांपाशी बसायचं. कास कधी भरली, सडांवर मेणासारखे थेंब कधी आले, शेपटीजवळचं मांस कधी सैल पडलं, हे त्याने बघायचं आणि डॉर्तेला सांगायचं. जटलंडची जुनी जात, तांबूस अंग, पिवळट आयाळ, पायांवर केसांचे झुबके. पूर्वी गावोगाव होत्या, आता बोटांवर मोजाव्यात इतक्या. प्रत्येक शिंगराची वाट पाहणारं कुणी ना कुणी असतं.

अडचण एवढीच होती की बघायचं काम करणाऱ्या लौरिड्सला दिसत नव्हतं. आंधळा नव्हता तो. कडेचं सगळं दिसे. पण जिकडे बघावं तिथे नेमका मधोमध एक धुरकट डाग, पोळ्यांच्या तव्यावर उरावा तसा. दोन हिवाळ्यांपूर्वी गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टर म्हणाले, उपाय नाही. तो घरी आला, कॉफी प्यायला आणि कुणाला बोलला नाही. सडांवरचं मेण तो बोटांनी चाचपत असे, घोडीचा श्वास कानाने ऐकत असे. कुणाला पत्ता लागला नाही. पोस्टमनला एकदा होल्गर समजून त्याच्या बैलाची चौकशी केली होती, ती पोस्टमनला थट्टा वाटली. डॉर्तेला कळलं तर ती रागावणार नव्हती, हेच त्याला जास्त लागायचं. ती फक्त प्रेमाने म्हणाली असती, बाबा, आता तुम्ही घरात बसा.

मे महिन्यातल्या त्या सकाळी डॉर्ते हॉल्स्टेब्रोला गेली होती, मुलीच्या शाळेत काहीतरी होतं. गाभण घोडी स्टिना व्यायला आणखी दोन-तीन दिवस घेईल असं दोघांचंही म्हणणं पडलं होतं. स्टिनाला ते कुणी सांगितलं नव्हतं. लौरिड्स राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा घेऊन तबेल्यात गेला तेव्हा तिच्या मानेला घाम सुटला होता. त्याचा पाव संपेपर्यंत ती आडवी झाली. म्हातारी घोडी, आठवं बाळंतपण, तिला कुणाची गरज नव्हती. पुढचे दोन पाय, त्यांवर टेकलेलं नाक, मग खांदे, सगळं रीतसर आलं. लौरिड्सने नाकावरची पातळ पिशवी फाडली आणि गवताच्या मुठीने शिंगराचं अंग पुसलं. मादी होती. हाताला कळलं.

"वाईट नाही," तो स्टिनाला म्हणाला. आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही.

तासाभरात वार पडली. त्याने ती बाहेर नेऊन गवतावर पसरली. घोडीची वार नीट पसरली की विजारीसारखी दिसते. दोन पाय, एक लांब, एक आखूड. दोन्ही पायांची टोकं बंद असायला हवीत. टोक फाटलेलं असेल, तर तो तुकडा घोडीच्या पोटात राहिला असं समजायचं. तिथे तो सडतो, ताप येतो आणि ते विष खुरांत उतरतं. आठशे किलोची घोडी खुरांवर उभी राहू शकली नाही, तर तिचं पुढे काय करतात हे घोडेवाल्याला सांगावं लागत नाही.

लौरिड्सने बघितलं. डाग दिसला. मान तिरकी करून बघितलं, तर कडेला लालसर काहीतरी, आणि डाग सरकून तिथेच आला. बोटांनी चाचपून बघता आलं असतं. पण तेवढ्यात आत शिंगरू धडपडून उठल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मनात वेगळंच शिरलं. स्टिनाचं हे शेवटचं बाळंतपण. तिच्या आधीच्या शिंगरांपैकी अर्धी बादलीच्या काळातली. डॉर्ते दुपारशिवाय यायची नाही. वार तासभर झाडावर राहिली, तर तेवढ्याने काम होईल. मग उतरवून बादलीत ठेवायची, डॉर्ते आली की ती बघेलच. दोघांचंही समाधान. आपण फार हुशारीने वागतोय असं त्याला वाटलं, आणि माणूस जेव्हा जेव्हा असं वाटून घेतो तेव्हा त्याने आधी शिडी खाली ठेवावी.

त्याने शिडी लावली आणि वार खालच्या फांदीवर टाकली, कारण वरची दिसत नव्हती. मग आत गेला. शिंगराला सड सापडेना. ते आईच्या पुढच्या पायांमध्येच तोंड घालत होतं. पहिला चीक वेळेत पोटात गेला पाहिजे, म्हणून तो त्याला ढकलत, वळवत, सडापर्यंत नेत राहिला. शेवटी चुटूचुटू आवाज आला. त्या आवाजापाशी तो पेंढ्यावर बसला आणि बसूनच राहिला. बाहेर कावळे ओरडत होते, तेही त्याने ऐकलं. कावळे रोजच ओरडतात.

तो शिडीकडे निघाला तेव्हा डॉर्तेची गाडी अंगणात शिरत होती.

डॉर्ते गाडीतून उतरली आणि थेट ओकपाशी गेली. स्वतः शिडीवर चढली, वार उतरवली, गवतावर पसरली आणि बराच वेळ वाकून राहिली. मग फोन काढून रिक्केला बोलावलं. रिक्के आमच्या भागातली घोड्यांची डॉक्टर, तिशीची, मोठ्या आवाजात बोलणारी, बुटांना नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी गोठ्यातलं शेण लागलेलं. तिने गुडघे टेकून वार पाहिली. आखूड पायाचं टोक नव्हतं. तळहाताएवढा तुकडा.

"हे एक तर कावळ्याच्या पोटात आहे, नाही तर स्टिनाच्या," ती म्हणाली. "चोचींच्या खुणा भरपूर आहेत. पण फाटल्यावर चोच मारली, की चोच मारल्यामुळे फाटलं, हे मला सांगता येत नाही."

आत असेल तर गर्भाशय पुन्हा पुन्हा धुवावं लागेल, औषधं, खुरांना बर्फ, तीन दिवस टांगती तलवार. आत नसेल तर नुकत्याच व्यालेल्या दमलेल्या घोडीच्या पोटात उगाच नळी घालू नये, बाहेरची घाण आत जाते. हात घालून ते टोक सापडेलच असंही नाही, इतक्या मोठ्या घोडीत तिथवर हातच पोचत नाही. रिक्केने हे सगळं सांगितलं आणि लौरिड्सकडे वळली.

"काका, टांगायच्या आधी तुम्ही पाहिली होती ना?"

उत्तर डॉर्तेने दिलं. बाबा हट्टी आहेत, सांगितलेलं ऐकत नाहीत, पण न पाहता टांगणाऱ्यांतले नाहीत, ती म्हणाली. तिला कळायला लागल्यापासून त्यांनी एकही वार पसरून पाहिल्याशिवाय झाडावर चढवलेली नाही. पूर्ण होती म्हणूनच चढवली असणार. रागावलेली होती तरी तिने हे अगदी सहज सांगितलं. रिक्के बॅगेची चेन लावायला लागली.

लौरिड्सला फक्त मान हलवायची होती. मान हलवली की स्टिनाला कुणी हात लावणार नव्हतं, डॉर्तेचा राग संध्याकाळपर्यंत उतरला असता, आणि पुढच्या आठवड्यात डेल्फिन व्यायची होती तिच्यापाशीही तोच बसला असता. बहुतेक कावळ्यानेच नेलं असेल. तो डॉर्तेकडे बघत होता आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी डाग होता. कडेला तिचे बूट तेवढे दिसत होते. त्याला भीती वाटली. घोडीसाठी आणि स्वतःसाठी, दोन्ही एकाच वेळी.

"पाहिली नाही," तो म्हणाला.

"म्हणजे? पसरलीत ना?" डॉर्तेने विचारलं.

"पसरली. दिसली नाही."

डॉर्ते त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कधीपासून?"

"दोन हिवाळे."

"आणि ते पोस्टमनचं..."

"तेही."

रिक्केने बॅगेची चेन परत उघडली आणि गरम पाणी मागितलं.

ते तीन दिवस सांगण्यासारखे नाहीत. रिक्के सकाळ-संध्याकाळ आली, नळीने पाणी आत सोडलं, बाहेर काढलं, बादलीत बघितलं. मिळालं काही नाही. स्टिनाचे पुढचे पाय बर्फाच्या पाण्याच्या टपात ठेवायचे होते आणि तिला ते मुळीच मान्य नव्हतं. लौरिड्सने तिच्या खांद्याला खांदा लावून तिला उभं धरलं. त्याला कुणी सांगितलं नाही आणि कुणी हाकललंही नाही. हात घोट्याखाली ठेवून तो खुरांची ऊब बघत राहिला. शिंगरू मधेच येऊन त्याच्या पाठीला ढुशी देई. ताप चढला नाही. तिसऱ्या संध्याकाळी रिक्के म्हणाली, सुटली. आत काही होतं की नव्हतं, ते तिलाही सांगता येईना.

डॉर्ते त्या दिवसांत त्याच्याशी पाणी, पेंढा, टप एवढंच बोलली. चौथ्या दिवशी तिने तबेल्यात कॅमेरा लावला आणि फोनवर डेल्फिन दिसू लागली. लौरिड्स आपल्या घरात बसला. खिडकीतून तबेल्याची कड दिसे, दार दिसत नसे. रेडिओवर हवामान ऐकायचा, मग तेच परत ऐकायचा.

डेल्फिन एका दुपारी व्याली. गाडीचा आवाज, मग पळापळ, मग बराच वेळ काही नाही. लौरिड्सने कॉफी केली आणि ती प्यायला विसरला. मग दार वाजलं.

"बाबा, या जरा."

वार गवतावर पसरली होती. डॉर्ते बाजूला उभी राहिली. "हातांनी बघा," ती म्हणाली. तो गुडघ्यांवर बसला. लांब पाय टोकापर्यंत चाचपला, मग आखूड. टोकं बंद होती, घट्ट, मोज्याच्या अंगठ्यासारखी. दोन्ही पूर्ण आहेत, तो म्हणाला. मग ती वाकली आणि तिने स्वतः सगळं परत बघितलं, घाई न करता. त्याला तिचं बघणं ऐकू येत होतं. वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं, हेही वाटलं.

"पूर्ण आहे," ती म्हणाली. "शिडी धरा."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बादली?"

"बादली बघण्यासाठी होती. बघून झालं. धरता की मी होल्गरला बोलवू?"

त्याने शिडी धरली. ती वर गेली, खालची फांदी सोडून आणखी वर. वजन फांदीवर पडल्याचा आवाज आला. मग ती थांबली. बराच वेळ शिडी हलली नाही.

"काय झालं?"

ती खाली आली आणि तिने त्याच्या हातात काहीतरी ठेवलं. वाळलेलं, कडक, जुन्या चामड्यासारखं, तळहाताएवढं. वरच्या बेचक्यात अडकलं होतं, कावळ्याने नेलेलं, ती म्हणाली. लौरिड्सने अंगठा त्यावरून फिरवला. एका बाजूला फाटकी कड, दुसऱ्या बाजूला बंद टोक.

"म्हणजे आत नव्हतंच," तो म्हणाला.

"नव्हतं."

"त्या दिवशी मी हो म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"स्टिनाला चाललं असतं," डॉर्ते म्हणाली. "पण तुम्हाला दिसत नाही हे मला कळलं नसतं, आणि पुढची वार तुम्ही अशीच न बघता टांगली असती."

त्याने तो तुकडा खिशात घातला. पलीकडे कुरणात खुरांचे आवाज येत होते, एक जड, एक हलका.

"स्टिनाच्या पोरीची मान कशी आहे?" त्याने विचारलं. "वार तर कावळ्यांनी टोचून फाडली."

डॉर्तेने कुरणाकडे बघितलं, नीट बघून घेतलं.

"ताठ आहे," ती म्हणाली.