दोरीपलीकडचे बोंबील

पालीच्या किनाऱ्यावर सकाळीच दोरी बांधलेली बघून फ्लेव्हियाचं डोकं फिरलं. वादळाचा इशारा होता, म्हणून समुद्राकडे जायला सगळ्यांनाच बंदी. दोरीच्या अलीकडे ती, आणि पलीकडे बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले तिचे बोंबील. घरची पावसाळ्याची सगळी बेगमी ती. आभाळ मात्र स्वच्छ होतं आणि वाऱ्याचा पत्ता नव्हता.

बंदोबस्ताला रसिका नावाची कॉन्स्टेबल होती, मीरा रोडची, वयाने फ्लेव्हियाच्या लेकीएवढी. फ्लेव्हियाने तिला नीट समजावलं. पाऊस येणार हे मलाही कबूल आहे, म्हणूनच तर काढायचेत. भिजले की सडले. तासाभराचं काम. रसिकाला ते पटलं, पण तिच्या पटण्याला विचारतो कोण? तिने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, एकाला सोडलं की सगळे घुसतील. मागच्या वर्षी सहलीला आलेला एक मुलगा लाटेने ओढून नेला होता, त्याचा जाब त्यांनाच द्यावा लागला होता.

त्या मुलासाठी फ्लेव्हियानेही चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती. पण भरती कधी, ओहोटी कधी, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. त्याला आणि जन्मभर या वाळूत राबलेल्या बाईला एकच नियम? जिवाची काळजी करणाऱ्यांनी जरा डोकंही वापरावं की. ती हट्टाने दोरीपाशीच बसून राहिली. रसिकाने पाण्याची बाटली पुढे केली, तीही तिने घेतली नाही. दुपार तशीच कोरडी गेली.

संध्याकाळी वारा सुटला आणि बघता बघता पाणी रस्त्यावर आलं. रसिकाने तिला हाताला धरून घरी पोचवलं.

सकाळी दोरी जागेवर होती, वलांडी नव्हती. फ्लेव्हिया दोरीच्या अलीकडे वाहून आलेला एकेक बोंबील चिखलातून उचलून बघत होती आणि टाकून देत होती. सगळे फुगलेले, वास मारणारे. रसिका जवळ आली.

"मावशी, काल संध्याकाळी तुम्ही तिकडे वलांडीपाशी असतात तर?"

ते खोटं नव्हतं, आणि त्याचाच फ्लेव्हियाला जास्त संताप आला.

"सांजेला कोन येत होता, पोरी? सकाळी सोडलं असतंस, तर मीपन घरी असते आनी बोंबीलपन."