एकतीस बायांचा एक नंबर

माझं नाव उकंडा. माझ्याआधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नावही तेच ठेवलं. असं नाव असलेल्या माणसानं फार ऐटीत राहू नये. पण फुलसावंगीत माझी पिठाची चक्की आहे, आणि आमच्या भागातल्या बायांना आठवड्यातून एकदा तरी माझ्या दारात यावंच लागतं. त्यामुळे मी स्वतःला बऱ्यापैकी महत्त्वाचा माणूस समजत असे.

बोंडअळीच्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, दिवाळीच्या सुमारास आरोग्य उपकेंद्रातल्या प्रेरणा सिस्टर घरोघरी फिरून तीस वर्षांवरच्या बायांची नावं लिहून घेत होत्या. कॅन्सरची तपासणी व्हायची होती आणि तारखेची आठवण मोबाइलवर मेसेजनं येणार होती. गावातले मोबाइल बहुतेक बाप्यांच्या खिशात. कोणाला नवऱ्याचा नंबर पाठ नव्हता, कोणाला तो द्यायचा नव्हता. चक्कीच्या भिंतीवर निळ्या रंगात, हातभर आकड्यांत लिहिलेला माझा नंबर मात्र साऱ्यांना ठाऊक होता. एकतीस बायांनी तोच सांगितला. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी मोठ्या मनानं हो म्हटलं असतं, कारण कशाला हो म्हणतोय ते मला कळलं नसतं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी मोबाइल वाजायला लागला तो थांबेचना. तोवर मला मेसेज यायचे ते कपाशीवरच्या अळीचे. अमुक फवारा, तमुक सापळे लावा. ते मी चक्कीवर बसलेल्या माणसांना ठसक्यात वाचून दाखवत असे. त्याच ठसक्यात मी हाही वाचायला घेतला. ‘प्रिय भगिनी रुखमाबाई, आपली स्तन’ इथपर्यंत गेलो आणि पुढचं सारं मला खोकल्यात घालवावं लागलं.

सगळे गेल्यावर मी पूर्ण वाचलं. स्तन, गर्भाशयमुख व मुख कर्करोग तपासणी, मंगळवार, दिनांक ५ डिसेंबर, तालुक्याचा सरकारी दवाखाना. असे एकतीस मेसेज, एकतीस नावं. त्यातलं एक नाव विमलचं होतं. विमल म्हणजे माझी बायको.

आता हे बायांना सांगायचं कसं? दहावीपर्यंत शिकलेला माणूस मी, गर्भाशयमुख हा शब्द कोणत्याही बाईसमोर उच्चारायची माझी हिंमत नव्हती. तीन दिवस विचार करून मी एक युक्ती काढली आणि तिच्यावर स्वतःच खूश झालो. चिठ्ठ्या लिहिल्या: ‘मंगळवारी दवाखान्यात तपासणी आहे. अवश्य यावे.’ कसली तपासणी ते लिहिलं नाही. कोणता दवाखाना तेही लाजेच्या भरात राहून गेलं. दळण झालं की पिठाच्या डब्यात वर एक चिठ्ठी ठेवायची आणि झाकण लावून द्यायचं.

त्या मंगळवारी तालुक्याला कोणी गेलं नाही. चार चिठ्ठ्या पिठात मळल्या गेल्या असं नंतर कळलं. एकीला वाटलं पोलिओचा डोस आहे, ती नातवाला घेऊन अंगणवाडीत बसली. रुखमाबाईंनी शेजारणीकडून चिठ्ठी वाचून घेतली आणि त्या शेळी घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरनं शेळी तपासली, चांगली आहे म्हणाला. रुखमाबाई चक्कीवर येऊन माझे आभार मानून गेल्या.

दोन दिवसांनी प्रेरणा सिस्टर आल्या. मेसेज मिळाले का, विचारलं. मी म्हटलं, मिळाले. मग बाया काहून आल्या नाहीत? मी तोंड भरून वेचणीला दोष दिला. वेचणीच्या दिवसांत बाया मजुरी सोडून कशा येतील? सिस्टरनी रस्त्यापलीकडच्या वावराकडं पाहिलं. बोंडं किडून काळी पडली होती. दुसऱ्या वेचणीतच कापूस संपला होता आणि त्या वर्षी डिसेंबरात बायांच्या हाताला कामच नव्हतं. हे सिस्टरना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मंगळवारी १२ तारखेला पुन्हा तपासणी आहे आणि पुन्हा मेसेज येतील, एवढं सांगून त्या गेल्या.

मेसेज आले तेव्हा चक्कीवर गर्दी होती. आठदहा बाया डबे घेऊन रांगेत, चक्कीचा घरघराट चालू. पहिला डबा जमनीचा होता. जमनी तांड्यावरची, वयानं माझ्याएवढी, आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलणारी. मी घाईनं लिहिलेली नवी चिठ्ठी तिच्या डब्यात ठेवताना तिनं पाहिलं. ती बाहेर काढून तिनं माझ्या हातात दिली आणि वाचायला सांगितलं. मी वाचलं. कसली तपासणी, तिनं विचारलं. मी पुटपुटलो. ऐकू येत नाही म्हणाली. मी थोडा आवाज वाढवला. ती कानाला हात लावून पुढं वाकली. घरघराटात कोणाला काय ऐकू जातं, असा हिशेब करून मी सारी ताकद लावून ओरडलो, आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली.

“गर्भाशयाच्या तोंडाची!”

एवढी शांतता चक्कीत मी कधी ऐकली नव्हती. समोरच्या पानटपरीवरची माणसंसुद्धा वळून पाहायला लागली. मला वाटलं आता बाया डबे उचलून जातील आणि उद्यापासून गावात माझं दळण बंद. पण कोणी हललं नाही. जमनीनं शांतपणे विचारलं, “त्यात दुखते का?”

मला काय माहीत? मी मोबाइल तिच्यासमोर धरला, जणू उत्तर त्यात होतं. मग एकेक बाई विचारायला लागली. कोण तपासते, बाई की बाप्या? उपाशीपोटी यायचं का? तिथं माणसांना बसू देतात का? मी प्रेरणा सिस्टरना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. अर्धा तास त्या बोलल्या आणि मी पीठ झाडत राहिलो. ज्या शब्दासाठी मी दोन आठवडे आणि तीस चिठ्ठ्या खर्च केल्या, तो बायांनी पाच मिनिटांत बाजूला ठेवला. माझी अडचण त्यांची नव्हती. ती माझीच होती.

विमल चहा घेऊन आली तेव्हा सिस्टर यादीतली नावं वाचत होत्या. तिचं नाव आलं. बाया गेल्यावर तिनं मला विचारलं, माझा मेसेज कुठाय? मी म्हटलं, आला नसेल. मग म्हटलं, आला असेल, पाहिला नसेल. दोन्ही वेळा तिनं मला बोलणं पूर्ण करू दिलं.

“तीस बायांले सांगाची खटपट केली तुमी,” ती म्हणाली. “घरातल्या एकीले सांगता नाई आलं.”

लाज वाटली, असं मी तिला म्हणालो. तेही खोटंच होतं. तिची मोठी बहीण कळंबला दिलेली होती, ती तीन वर्षांपूर्वी छातीतल्या गाठीनं गेली. विमलचा मेसेज मी पहिल्याच दिवशी मिटवून टाकला होता, दुसराही आल्याबरोबर. तपासलंच नाही तर निघणार नाही, असं माझं शास्त्र होतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती चुलीपाशी बसली होती. तिनं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, “भेव मले बी वाटते. म्हणून जाऊन राह्यली.”

मंगळवारी हिरासिंगच्या काळीपिवळी जीपनं दोन फेऱ्या केल्या आणि सव्वीस बाया दवाखान्यात पोचल्या. मीही गेलो, पुढारी म्हणून. बाया आत गेल्या तसा मी ओट्यावर बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो की ही सारी गर्दी मी आणली. प्रेरणा सिस्टरनी ते ऐकलं असावं. त्यांनी मला आत बोलावलं. तोंडाची तपासणी बाप्यांचीही होती.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं तीन बोटं उभी जोडून तोंडात घालायला सांगितलं. मला वाटलं गंमत आहे. दोन गेली, तिसरं काही केल्या जाईना. मी जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, तरी नाही. खर्रा किती वर्षांपासून, तिनं विचारलं. वीस म्हटलं. दिवसातून किती वेळा? मी दोन म्हटलं. मागून विमलचा आवाज आला, “सात.” तिची तपासणी होऊन गेली होती. तिला काही निघालं नव्हतं. ती माझी वाट पाहत तिथंच उभी होती.

रुखमाबाईंच्या गर्भाशयाच्या तोंडावर एक डाग निघाला. वेळेत सापडला म्हणून त्याच महिन्यात त्याच दवाखान्यात उपचार झाला आणि पुढच्या आठवड्यात त्या दळण घेऊन आल्या. माझ्या गालात आतून पांढरे पट्टे होते. मला यवतमाळला जायची चिठ्ठी मिळाली आणि तारखेचे मेसेज यायला लागले. या वेळी नाव माझंच. पहिले दोन मी मिटवले. तिसरा आला तेव्हा मोबाइल विमलच्या हातात होता.

यवतमाळला गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायला आठ दिवस लागले. अजून कॅन्सर नाही, डॉक्टर म्हणाले, पण वाट तीच धरली आहे. खर्रा बंद. आणि तोंड उघडावं म्हणून आइसक्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दिवसातून पाच वेळा, आणि दर महिन्याला एक काडी वाढवायची.

अकरा काड्यांपासून सुरुवात केली, आता पंधरावर आलो आहे. काड्या तोंडात असल्या की बोलता येत नाही, म्हणून आलेले मेसेज विमल वाचते. ती सातवी शिकली आहे. मोठ्यानं, न अडखळता वाचते, आणि बाया काय विचारायचं ते तिलाच विचारतात. गावाला माझ्या बोलण्याची काही उणीव भासते आहे असं अजून तरी दिसलेलं नाही.