सातवा आठवडा

मास्तरांनी मेणाची उजवी गुठळी अंगठ्याने नाकाखाली सरकवली आणि मधल्या गुठळीला चिकटवली. डावीकडची अजून बाकी होती. पोटातल्या बाळाचा चेहरा आठवड्या-आठवड्याने कसा जुळत जातो, ते मेडिकल कॉलेजच्या पोरांसाठी मेणात घडवायचं, हे त्यांचं काम. सुरुवातीला चेहरा म्हणजे नुसत्या गुठळ्या. माणसाचं पोर की माशाचं, सांगता येऊ नये.

दारात काठी वाजली. वर बघतात तो थोरली काकू! आईने बावन्न वर्षं जिच्याशी अबोला धरलेला, ती जाऊबाई.

"बस म्हणशील की नाही?"

"बसा ना, काकू." मास्तर नाकात बोलले. ते नेहमीच नाकात बोलत. जन्मतः फाटलेला ओठ आणि टाळू लहानपणी शिवली होती. मिशीखाली व्रण अजून होता.

काकूने पाणीसुद्धा घेतलं नाही. "परवा माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. उठले तर उठले. त्याआधी तुझी माफी मागते. तुझ्या आईला सातवा महिना होता, आणि मी तिला पत्र्याची ट्रंक माळ्यावर चढवायला लावली. तुझ्या तोंडाचं वाटोळं मीच केलं रे."

ही गोष्ट घरात लहानथोरांना पाठ होती. बाळाचा ओठ दिसला आणि आईने सगळं खापर त्या ट्रंकेवर, म्हणजे काकूवर फोडलं.

मास्तरांनी तिच्यापुढे तीन चेहरे ओळीने मांडले.

"हा सहावा आठवडा. या दोन बाजू मध्ये येतात, ही नाकाखालची गुठळी. सातव्यात तिन्ही सांधतात, ओठ होतो. या तिसऱ्यात ही टाळूची दोन पानं. आधी जिभेच्या दोन्ही अंगांना लोंबतात. जीभ खाली बसली की वर उचलून एकमेकांना मिळतात. तिसरा महिना सरेपर्यंत सगळं आटोपतं. माझं जुळायचं राहिलं ते तेव्हाच, काकू. ट्रंक उचलली तेव्हा हे तोंड कधीच असं झालेलं होतं."

"मग राहिलं कशाने?"

"माझं कशाने राहिलं, ते कुणालाच सांगता येणार नाही."

काकूने मेणाच्या ओठावर बोट ठेवलं. आता रडणार, असं मास्तरांना वाटलं, पण ती भडकली.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"इथे लागलो तेव्हापासून. सत्तावीस वर्षं."

"सत्तावीस वर्षं! आणि मेल्या, आईला एकदा सांगवलं नाही तुला?"

आईचा तो राग म्हणजे आपल्यावरची माया, अशी मास्तरांची समजूत होती. त्या समजुतीला धक्का लावायची कधी छातीच झाली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी घरी आई मटार सोलत होती. मास्तरांनी सातव्या आठवड्याचा चेहरा तिच्यासमोर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आईने मेणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुझा ओठ शिवला त्या डॉक्टरांनी तेव्हाच कागदावर काढून दाखवलं होतं."

"मग काकू..."

"तुला बघायला जो येई तो मलाच विचारी. काय खाल्लंस? कुठे पडलीस? तुझे बाबासुद्धा! बावीस वर्षांची होते मी. कुणाला काही माहीत नाही म्हटलं असतं तर ऐकलं असतं कुणी? ट्रंकेचं नाव घेतलं आणि एका दिवसात सगळे माझा पिच्छा सोडून तिच्या मागे लागले. डॉक्टर बोलले तोवर ते घरभर झालं होतं. मग मला मागे घेता येईना."

"काकू काहीच बोलली नाही?"

"एका शब्दाने नाही."

आईने सोललेले दाणे उगाचच या हातातून त्या हातात केले. मग तिने विचारलं, "मला माहीत होतं, हे तिला माहीत आहे?"

"नाही. तिला वाटतंय, तुम्हा दोघींचाही नुसता गैरसमज होता."

आई उठली. खुंटीवरची शाल तिने खांद्यावर घेतली, आणि उंबऱ्यापाशी जाऊन थांबली.

"मी सांगितल्यावर," ती म्हणाली, "बस म्हणेल का रे ती मला?"