ओढ्यावरचं दार

धाकट्या बहिणीचं पत्र येऊन सबंध उन्हाळा उलटला, तरी दादांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. फोनवर बोलणं व्हायचं, नाही असं नाही. ती गुडघ्यांचं विचारायची, दादा हवेचं सांगायचे, आणि विषय पत्राच्या जवळपास आला की दोघंही फोन ठेवायची घाई करायचे. तिनं एवढंच विचारलं होतं: 'दादा, पिंजऱ्यांनी नांग्या आटोक्यात येताहेत का? तुझ्या हातचं लेखी आलं की त्याप्रमाणे करायचं, असं इथल्या सगळ्यांनी ठरवलंय. येत नसतील, तर ओढ्यावरचं दार बंद करतील.'

नांग्या म्हणजे क्रेफिश. झिंग्याचा आडदांड भाऊ म्हणावा असा, पुढे दोन जाड नांग्या असलेला परका जीव. कुणीतरी हौसेनं काचेच्या पेटीत पाळला आणि कंटाळा आल्यावर दादांच्या गावच्या तळ्यात सोडून दिला. त्यानं पाणवनस्पती कातरल्या, माशांची अंडी फस्त केली, काठाला बिळं पाडून काठ पोखरला. बहीण राहायची तिथल्या, वरच्या तळ्यात तो अजून पोचला नव्हता. दोन तळ्यांमधल्या ओढ्यावर एक गुळगुळीत लोखंडी दार होतं. ते वरून खाली सोडून बंद केलं की नांग्यांना वर चढता येणार नव्हतं. पण थंडीत अंडी घालायला त्याच ओढ्यानं वर जाणाऱ्या चंदेरी मासळीलाही येणार नव्हतं. दार बंद म्हणजे वरचं तळं वाचलं आणि खालचं गेलं. आणि खालच्या तळ्यावर दादांचं आणि सगळ्या होडीवाल्यांचं पोट होतं.

म्हणून दादा थांबले होते. अजून थोडे पिंजरे लावू, मग लिहू 'येताहेत' म्हणून, असं म्हणता म्हणता दिवस सरत गेले.

त्या सकाळी तात्या वल्ही मारत होते. तात्या म्हणजे दादांचे चुलते. वयानं थकलेले, जिभेनं नाही. दादांची बायको मधल्या फळीवर बसून बादली सांभाळत होती. एरवी ती होडीत यायची नाही, पण होडीवरचा गडी कामाला कंटाळून शहरात निघून गेला होता.

दादांनी पिंजरा वर ओढला. आमिषाच्या माशाचं नुसतं डोकं उरलं होतं आणि त्याभोवती नांग्यांचा काळपट गोळा वळवळत होता. ते एकेक काढून बादलीत टाकू लागले.

"आत्ता काय टाकलंत?" बायकोनं विचारलं.

"कुठे काय?"

"पाण्यात टाकलंत. मी बघितलं."

"काहीतरीच. डोळे तपासून घे."

पुढचा पिंजरा आला. आता ती बादलीकडे न बघता नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. तो हात आत गेला, एक नांगी घेऊन बाहेर आला, अंगठ्यानं तिचं पोट चाचपलं आणि ती अलगद पाण्यावर धरली. बायकोनं मनगट पकडलं.

नांगीच्या शेपटीखाली काळ्या मण्यांसारखी अंडी लगडली होती.

दादा आपल्याच हाताकडे बघत राहिले. पोटुशी मासळी जाळ्यात आली की परत सोडायची, हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. ते हाताच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

"तात्या, तुम्हीही असंच करता?"

तात्यांनी वल्ही आवरली. बराच वेळ त्यांनी तळहात उलटसुलट करून पाहिले.

"करत असेन रे," ते म्हणाले. "सगळेच करत असतील. कुणाच्या बापानं वेगळं शिकवलंय?"

"म्हणजे नर तेवढे मारले," बायको म्हणाली, "आणि बाळंतिणींना सुखरूप घरी पोचवलंत."

"आजपासून नाही सोडायच्या," तात्या घाईनं म्हणाले. "कळलं ना आता? सगळ्या होड्यांना सांगू. पुढच्या वर्षी बघ कसं तळं साफ होतं ते. तू लिही तिला, येताहेत आटोक्यात."

दादांचं मनही तेच म्हणत होतं. त्यांनी होडी ओढ्याच्या तोंडाशी घ्यायला लावली आणि पँट वर दुमडून ते ओढ्यात उतरले. दाराच्या अलीकडे, खडकाच्या सावलीत त्यांनी दगड उलटला. खाली बोटाच्या पेराएवढ्या नांग्या पळाल्या. दुसरा दगड उलटला, तिसरा उलटला. पिंजऱ्याच्या जाळीतून ही पिल्लं सहज निसटतील, हे कुणी सांगायला नको होतं. दार अजून उघडंच होतं, त्याखालून पाणी खळाळत होतं. दादा वर चढले आणि दारापलीकडचा दगड उलटायला वाकले. हात लावला, पण उलटायचा धीर होईना. शेवटी उलटला. खाली वाळू होती, नुसती वाळू.

परत आल्यावर त्यांनी होडीतच कागद मागितला. बायकोनं पिशवीतून वही काढून दिली.

"नीट विचार कर," तात्या म्हणाले. "वर गेली नाही तर आपली मासळी अंडी कुठे घालणार? हे तळं नांग्यांना आंदण द्यायचं?"

"दिलंय आपण. केव्हाच."

"निदान खाली फट ठेवा म्हणावं. चंदेरी आडवी होऊन जाईल."

"पिल्लंही जातील, तात्या."

तात्यांनी तोंड फिरवलं. दादांनी लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आपलं एक वाक्य सगळ्या होडीवाल्यांची चूल विझवणार, हे कळत होतं, आणि त्याहून बरं वाक्य सुचत नव्हतं. 'आटोक्यात येत नाहीत. अंडीवाल्या माद्या आम्ही स्वतःच पाण्यात सोडत होतो. तुमच्याकडेही हात तसेच असतील, म्हणून पिंजऱ्यांवर विसंबू नका. पिल्लं दारापर्यंत आली आहेत, पलीकडे मला दिसली नाहीत. पत्र मिळताच दार बंद करा. फट ठेवू नका.'

टपालपेटीपर्यंत तात्याही मागोमाग आले. येणार नाही म्हणाले होते.

"फटीचं लिहिलंस?"

"लिहिलं. ठेवू नका म्हणून."

तात्यांनी पाकीट मागून घेतलं. दादांना वाटलं, आता फाडतात. तात्यांनी तिकिटाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला आणि पाकीट परत दिलं. दादांनी ते पेटीत टाकलं.