माझ्या चार काळ्या पट्ट्या

मित्रांनो, मी एक जुना डाइक आहे, म्हणजे जमिनीच्या फटीत थिजलेल्या शिलारसाची उभी भिंत. लोक मला भेग म्हणतात तेव्हा माझे डोके फिरते. भेग आधी होती, मी ती भरली!

तेव्हा अख्खा खंड दोन्हीकडून ताणला जात होता. जमीन खचत होती, फाटत होती. अशा एका फटीत मी खालून घुसलो. थंड खडकाला टेकलेल्या माझ्या दोन्ही कडा झटकन थिजल्या, म्हणून त्या बारीक कणांच्या, काळ्याकुळकुळीत. आतला भाग सावकाश निवून भरड झाला. तरी ताण थांबेना. मी मधोमध फाटलो, नवा शिलारस शिरला आणि त्याच्याही कडा तशाच थिजल्या. शेजारी माझी शेकडो भावंडे अशीच उभी राहिली. शेवटी ताणच दमला. खंड काही तुटला नाही.

वरचा डोंगर झिजून गेला आणि माझ्या खालच्या अंगाला खडीची खाण आली. वरच्या अंगाला वस्तीची विहीर होती. तिचे पाणी मीच अडवून धरले होते, पण सांगतो कोणाला!

खाणीतला सुरुंगवाला त्याच वस्तीतला. त्याची पुतणी भूगर्भशास्त्र शिकलेली.

"काका, ही भिंत फोडू नका. आपली विहीर आटेल."

"अगं, दगड कधी पाणी अडवतो का? तुझं आपलं काहीतरीच!"

दुसरी काळी कड दिसली की भिंत संपली, हा त्याचा जन्माचा हिशेब. त्याने माती खरवडली. एक काळी पट्टी, मग भरड दगड, मग दुसरी काळी पट्टी. तिथेच त्याने सुरुंगाची भोके पाडली आणि बार उडवला. माझा पुढचा भाग कोसळला. मी उभाच!

पुतणीने उरलेली माती झाडली. "काका, पट्ट्या चार आहेत. भिंत दोनदा भरलीय. तुम्ही चुकलात म्हणून विहीर वाचली."

सुरुंगवाल्याने माझ्या ताज्या फुटलेल्या अंगावर हात ठेवला. हात ओला झाला. ही भिंत आता मी फोडणार नाही, असे त्याने खाणीच्या ठेकेदाराला सांगून टाकले.

ठेकेदाराने दुसरा सुरुंगवाला आणला, तेव्हा काका आणि काकू माझ्या चौथ्या पट्टीवर मांडी घालून बसले होते. काकूंच्या मांडीवर भरलेली कळशी होती.

"उठा काका, भोकं पाडायचीत."

"पाड की. आमच्यापासून सुरुवात कर."

तो सामान उचलून परत गेला. मित्रांनो, माझी कीव करू नका. खंडाच्या ताणापुढे मी फाटलो, पण हटलो नाही. फक्त पाणी पिताना, ते कोणी अडवून धरले आहे, एवढे विचारत जा.