पंख्याची वायर

"तुझा सोलर इन्व्हर्टर भंगार निघाला," असं निडी गावच्या काळुरामकाकांनी फोनवर सुनावलं, तेव्हाच नूतनचं डोकं तापलं. रोह्यात वायरिंगची कामं करणारी ती एकटी बाई. काही बिघडलं की आधी बाईलाच बोल, हे तिला पाठ होतं. स्कूटर काढली तीही रागातच.

निडीत सकाळपासून वीज नव्हती. ओटीवर पुतळीकाकू भिंतीला टेकून धापा टाकत होत्या, बाजूला त्यांचं ऑक्सिजनचं मशीन बंद. त्या मशीनसाठीच तर नूतनने महिन्यापूर्वी इन्व्हर्टर बसवला होता.

"दहा मिनटं चालतो नि बोंब मारून बंद पडतो. आत्ताच परत लावून बघितला," काका म्हणाले.

नूतन माजघरात शिरली आणि जागीच थांबली. इन्व्हर्टर भिंतीवर होता, पण त्याच्याखालची बॅटरी गायब. तिथे गणपतीचं मखर सजलं होतं! बॅटरी गेली होती मागच्या पडवीत, आणि मधे वीस फूट लोंबत होती पंख्याची बारीक वायर. नूतनने तिला हात लावला नि चटका बसून मागे घेतला.

"कोणाचं हे डोकं?"

"माझं," काकांचा मुलगा निकेश म्हणाला. "ह्याच वायरवर घरातले पंखे फिरतात की."

"पंख्याला दोनशे तीस व्होल्ट मिळतात रे, बॅटरी बारा व्होल्टची! तेवढंच काम करायला तिच्यातून वीसपट करंट ओढला जातो. मोरीच्या नळीने शेत भिजवतोस काय? म्हणून तर अंगठ्याएवढी जाड वायर दिली होती, तीही दोनच हात. कुठाय ती?"

"माळ्यावर."

"काढ. बॅटरी परत इथे आण. इन्व्हर्टर हलवायचा तर दिवस जाईल."

"मखर नाय हलायचं!" काका कडाडले. "माझ्या आज्यापासून गणपती ह्याच कोपऱ्यात बसतो. तू लांब जाड वायर आण."

"ती रोह्याहून येईपर्यंत काकूंनी श्वास रोखून धरायचा?"

काका हलले नाहीत. परक्याच्या घरात देवाच्या मखराला हात कसा लावणार? नूतनने संतापाने पक्कड जमिनीवर आपटली.

तेवढ्यात उंबऱ्यात पुतळीकाकू आल्या, चौकट धरून.

"मखर... सरकवा."

"तू गप गो, दम लागल."

"लागलाय!" काकू ओरडल्या, आणि पुढचं बोलायला त्यांना थांबावं लागलं. "चाळीस वर्सं तुमच्या देवाचे मोदक करतेय मी. त्याला दम नाय लागत. मला लागतो."

मखराचं एक टोक त्यांनीच धरलं. दुसरं धरायला निकेश धावला.